मत मिशीला पडत नाही

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराला टेकून असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची निवडणूक झाली आणि निकालानंतर आठवडाभर गावाला एकच विषय पुरला. एका प्रभागात पडलेल्या उमेदवाराने अर्ज भरायच्या थोडं आधी मिशी काढली होती. प्रचारभर तो डोक्यावर पांढरी टोपी आणि सफाचट ओठ घेऊन फिरला. निवडून आला त्याने दोन वर्षांपासून टोकदार दाढी राखली आहे. झालं! कटिंगच्या दुकानात, रसवंतीवर, लग्नाच्या पंगतीत लोक छातीठोकपणे सांगू लागले की दाढीनं सीट काढली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे एक निवृत्त ग्रामसेवक मला म्हणाले, "सर, मिशी काढली तिथंच तो पडला. आपल्याकडं गोपीनाथ मुंडेसाहेबांची मिशी बघून माणसं मत द्यायची." त्यावर आमच्यातलीच शिकलेली मंडळी कपाळाला हात लावून म्हणाली, बघा आपल्या लोकांची अक्कल, केस बघून नगरसेवक निवडतात.

मला या दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या वाटतात. एकाला दाढीचं कौतुक आहे, दुसऱ्याला मतदाराची कीव येते, पण दोघांनीही धरून चाललेली गोष्ट एकच आहे: मतदाराने चेहऱ्यावरचे केस पाहिले आणि बटण दाबलं. माझं म्हणणं असं की दाढी-मिशीमुळे मत मिळत नाही आणि जातही नाही. केसांना स्वतःचा अर्थ नसतो. माणसाबद्दलचं मत आधी बनतं, ते त्याच्या कामावरून, पक्षावरून, जातीवरून, धर्मावरून बनतं, आणि मग त्याच मताचा रंग आपण त्याच्या दाढीला देतो. हा क्रम उलटा लावला की मतदाराने केलेला विचार दिसेनासा होतो. शिवाय दाढी-मिशीचा जो खरोखरचा सार्वजनिक प्रश्न आहे, म्हणजे ती राखायची मोकळीक कुणाला फुकट मिळते आणि कुणाला किंमत मोजून, तो तसाच झाकलेला राहतो.

समोरच्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांच्या बाजूने पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. अलेक्झांडर तोदोरोव्ह या प्रिन्स्टनच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या निवडणुकांमधल्या उमेदवारांचे फोटो त्यांनी लोकांना जोडीजोडीने दाखवले आणि यातला जास्त सक्षम कोण वाटतो एवढंच विचारलं. फोटो अगदी सेकंदभर दाखवला तरी सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी 'सक्षम' म्हणून दाखवलेला चेहराच निवडून आलेला होता. चार वर्षांनी, २००९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लहान मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांचे फोटो दाखवले आणि विचारलं, तुमच्या जहाजाचा कप्तान म्हणून यातला कोण घ्याल? मुलांचा कौलही तितक्याच वेळा खऱ्या निकालाशी जुळला. आठ-दहा वर्षांच्या पोरांना ना पक्ष माहीत, ना जाहीरनामा. मग मोठी माणसं तरी याहून वेगळं काय करतात, असा प्रश्न कुणी विचारला तर तो योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चेहरा आता थेट मतदानयंत्रापर्यंत पोचला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर चिन्ह होतं. अक्षर न येणाऱ्या माणसाने बैलजोडी पाहावी, झोपडी पाहावी आणि मत टाकावं. पुढे कितीतरी दशकं मतपत्रिकेवर नाव आणि चिन्ह एवढंच असायचं. उमेदवाराचा फोटो तिथे आला तो २०१५ मध्ये, आणि तोसुद्धा सारख्या नावाचे उमेदवार उभे करून मतं फोडायच्या युक्तीला आळा बसावा म्हणून. दोन बाय अडीच सेंटीमीटरचा तो फोटो आधी काळापांढरा होता. २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीपासून तो रंगीत झाला आणि चेहरा ठळक दिसेल असा छापायचं ठरलं. एकतीस वर्षं शिक्षकाची नोकरी केल्यामुळे मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून बसलो आहे. एका मतदानाच्या दिवशी एक म्हातारी यंत्राच्या आडोशातून बाहेर येऊन मला म्हणाली, "बाबा, फोटो लई बारीक हायत, दिसंनात." मी तिला काही सांगू शकत नव्हतो. ती पुन्हा आत गेली, जरा वेळ लागला, मग शिटीसारखा तो आवाज आला. तिने चेहरा शोधला की चिन्ह, ते तिलाच माहीत.

तर मग माझी हरकत कशाला आहे? या प्रयोगांची एक अट असते आणि तीच सांगताना गाळली जाते. भाग घेणाऱ्याने फोटोतला चेहरा ओळखला तर ते उत्तर बाद करतात. म्हणजे प्रयोग अनोळखी चेहऱ्यांवर आहे. ज्या माणसाबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही त्याच्याबद्दल आपण चेहऱ्यावरून अंदाज बांधतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. लेन्झ आणि लॉसन या दोन अभ्यासकांनी २०११ मध्ये हेच पुढे नेलं. दिसण्याचा परिणाम होतो तो मुख्यतः ज्यांना राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही बघणं जास्त, अशा मतदारांवर, असं त्यांना आढळलं. आता आमच्या प्रभागातला मतदार बघा. उमेदवाराच्या आज्याने कुणाच्या बांधावरून भांडण केलं होतं, बापाने सोसायटीचं कर्ज कसं बुडवलं, पोरगा कोणत्या शाळेत किती वेळा नापास झाला, कुणाच्या मयतीला तो आला आणि कुणाच्या नाही, हे सगळं त्याला पाठ असतं. अशा माणसाला मिशी कोणती नवी माहिती देणार? लोकसभेचा मतदारसंघ मोठा असतो, बीडमध्ये वीस लाखांवर मतदार आहेत, तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक नसतं हे खरं. पण तिथे न ठाऊक असलेली जागा पक्ष, चिन्ह, जात आणि जवळच्या पुढाऱ्याचा शब्द भरून काढतात. २०२४ ला बीडची लोकसभा ६,५५३ मतांनी ठरली. एवढ्या अरुंद फटीत कशाकशाचा हात असेल हे कुणी सांगावं! पण त्या दोन महिन्यांत आमच्या जिल्ह्यात मराठा-ओबीसी सोडून दुसरं काही कानावर पडलं नाही. तेव्हा दाढीचं नाव कुणी काढलं होतं का?

दाढीने निवडणूक जिंकल्याचं जगात सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उदाहरण अब्राहम लिंकनचं आहे, आणि ते मुळातच उलटं सांगितलं जातं. १८६० च्या ऑक्टोबरात ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने लिंकनला पत्र लिहिलं: तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवा, बायकांना दाढी आवडते, त्या आपल्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला सांगतील. लिंकनने दाढी वाढवली. गोष्ट इथे थांबवली की दाढीचा विजय होतो. पण मतदान झालं ६ नोव्हेंबरला, आणि तोवर लिंकनचा चेहरा गुळगुळीतच होता. दाढीवाला लिंकन लोकांनी पाहिला तो निवडून आल्यानंतर. पुढे यादवी युद्ध, गुलामगिरीचा अंत आणि हौतात्म्य या सगळ्याचं वजन त्या दाढीला मिळालं, आणि आज आपल्याला वाटतं की असा चेहरा म्हणजे मोठेपणच. उलट बाजूचं उदाहरण थॉमस ड्युईचं. १९४४ आणि १९४८ अशा दोन वेळा तो राष्ट्राध्यक्षपदासाठी हरला आणि दोष त्याच्या मिशीला दिला गेला. पण १९४२, १९४६ आणि १९५० असा तीनदा तो न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, तेव्हा ती मिशी कुठे गेली होती? नाकाखालची ती आखूड चौकोनी मिशी चार्ली चॅप्लिनच्या चेहऱ्यावर होती तोवर लोकांना हसू यायचं. हिटलरने तिचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. केस तेच, कातरणंही तेच. अर्थ माणसांनी आणला.

आपल्या देशाचं उदाहरणही लोक देतात. १९९० मध्ये चंद्रशेखर येईपर्यंत दाढी राखणारा एकही पंतप्रधान नव्हता. त्यानंतर गुजराल आले, मनमोहन सिंग आले, मोदी आले. म्हणजे मतदाराला आता दाढी आवडायला लागली, असं म्हणतात. जरा थांबून बघू. चंद्रशेखर साठेक खासदारांच्या फुटीर गटावर आणि काँग्रेसच्या टेकूवर पंतप्रधान झाले. गुजराल हे संयुक्त आघाडीतल्या भांडणातून निघालेली तडजोड होती. मनमोहन सिंग राज्यसभेतून आले आणि त्यांची दाढी म्हणजे त्यांच्या धर्माने सांगितलेले केश. चौघांपैकी स्वतःचा चेहरा पोस्टरवर लावून देशाकडे मत मागितलं ते एकाच माणसाने. एका माणसावरून कल कसा काढणार? त्याच माणसाने करोनाच्या काळात दाढी खूप वाढवली, तेव्हा ती रवींद्रनाथांसारखी आहे, बंगालच्या निवडणुकीसाठी आहे, असं बोललं गेलं. २०२१ मध्ये बंगालात भाजपला ७७ जागा मिळाल्या आणि राज्य ममता बॅनर्जींकडेच राहिलं. त्याच वर्षी बारामतीतल्या एका चहावाल्याने पंतप्रधानांना दाढी करण्यासाठी शंभर रुपयांची मनीऑर्डर पाठवली. वाढवायचंच असेल तर रोजगार वाढवा, असं त्याचं म्हणणं होतं. टाळेबंदीत धंदा बुडालेल्या त्या माणसाला दाढीत ऋषी दिसला नाही, कारण त्याच्या हातात त्या वेळी रिकामा गल्ला होता. दाढी वाचायची कशी ते त्या गल्ल्याने ठरवलं.

आता आपल्या मराठवाड्याकडे येतो, कारण इथलाच पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. विलासराव देशमुख १९९५ ला लातुरात सुमारे ३५ हजार मतांनी पडले. चार वर्षांनी त्याच लातूरने त्यांना जवळपास ९१ हजारांच्या आघाडीने निवडून दिलं आणि ते मुख्यमंत्री झाले. दाढी-मिशी दोन्ही वेळा नव्हती, तो भांग तोच, ते हसू तेच. चार वर्षांत बदललं ते लातूरच्या लोकांचं मन, आणि ते बदलायला विलासरावांनी केलेली पायपीट. शिवराज पाटील चाकूरकरांचं उदाहरण याहून बारकाईने बघण्यासारखं आहे. स्वच्छ दाढी केलेला चेहरा, परीटघडीचे कपडे, मोजकं बोलणं. या माणसाला लातूरने सात वेळा लोकसभेत पाठवलं आणि त्या टापटिपीत सभ्यपणा पाहिला. २००४ ला तेच लातूर रूपाताई पाटील निलंगेकरांच्या मागे गेलं. चाकूरकर त्यानंतर देशाचे गृहमंत्री झाले, आणि २००८ मध्ये दिल्लीत स्फोट झाले त्या संध्याकाळी त्यांनी बदललेले कपडे हा देशभर आरोपाचा विषय झाला. चाळीस वर्षं जी टापटीप गुण म्हणून मिरवली ती एका रात्रीत दोष ठरली. टापटिपीत काही बदललं नव्हतं, विश्वास उडाला होता.

आणि मुंडेसाहेबांची मिशी? ती होती, भरघोस होती, आणि आमच्या भागात तिचं कौतुकही होतं. पण तीच मिशी असूनही १९८५ ते १९९० या काळात ते विधानसभेत नव्हते. ऊसतोड कामगारांच्या कोयत्यामागे उभं राहणं, परळीपासून दिल्लीपर्यंत मागास जातींना सत्तेत जागा मिळवून देणं, कार्यकर्त्याला नावाने हाक मारणं, यातून तो माणूस घडला आणि मग त्याची मिशी मोठी दिसायला लागली. याची खातरजमा खुद्द मतदारांनीच करून दिली. ३ जून २०१४ ला साहेब गेले. त्या ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली आणि त्यांची मुलगी प्रीतम सुमारे ६ लाख ९६ हजार मतांच्या आघाडीने निवडून आली. लोकसभेच्या इतिहासात तोवर एवढी आघाडी कुणालाच मिळालेली नव्हती. मिशीला मत पडत असतं, तर बीडकरांनी देशात विक्रमी मतं दिली ती कोणत्या मिशीला? याच बीडने केशरकाकू क्षीरसागरांना तीन वेळा खासदार केलं, १९९६ ला रजनीताई पाटलांना निवडलं, आणि १९६७ मध्ये तर साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना, ज्यांचं इथे ना शेत ना सोयरीक, दिल्लीला पाठवलं. 'आपल्या लोकांना अक्कल नाही' म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा समोर ठेवून बोलावं.

याहून ताजं उदाहरण २०२४ चं. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला आणि ४६ पैकी बहुतेक जागा महायुतीने घेतल्या. सहा महिन्यांचंही अंतर नाही. पोस्टरवरचे नेते तेच, एकनाथ शिंद्यांची दाढी तीच, राहुल गांधींचीही तीच. मधल्या काळात काय झालं होतं? बायकांच्या खात्यावर महिन्याला दीड हजार रुपये यायला लागले होते, जातींची मोट वेगळी बांधली गेली होती, लोकसभेला रुसलेला माणूस स्थानिक उमेदवाराकडे बघून परतला होता. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या बराच खाली विकावं लागत होतं आणि तो राग असूनही निकाल फिरला, म्हणून त्यावर खूप विचार व्हायला हवा होता. या प्रश्नांवर वाद घालायला अभ्यास लागतो. दाढीवर बोलायला काहीच लागत नाही.

इतकं सांगून झाल्यावर एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. केसांना स्वतःचा अर्थ नसला तरी समाजाने दिलेला अर्थ असतो आणि तो जोरकस असतो. आमच्या गावातली विशीतली पोरं शिवछत्रपतींच्या चित्रात दिसते तशी दाढी कोरून घेतात, कपाळावर चंद्रकोर लावतात, आणि त्यातला अभिमान खरा असतो. त्याची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. अंतरवाली सराटीच्या उपोषणात मनोज जरांगे पाटलांचा खंगलेला, दाढी वाढलेला चेहरा घराघरात पोचला तेव्हा लोकांना त्यात आपला उपाशी भाऊ दिसला. ७ नोव्हेंबर २०२२ ला राहुल गांधींची पदयात्रा देगलूरमध्ये महाराष्ट्रात शिरली तेव्हा दोन महिन्यांच्या चालण्याने वाढलेली दाढी पाहून कुणाला तपश्चर्या आठवली, आणि एका मुख्यमंत्र्याला सद्दाम हुसेन आठवला. एकच दाढी, एकच महिना, दोन टोकांची वाचनं. दाढीत अर्थ असता तर दोघांना तो एकच दिसला असता. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी असंच काहीसं तपासलं. दाढी-मिशीवाला पुढारी जास्त मर्दानी आणि म्हणून बायकांच्या प्रश्नांना विरोध करणारा असेल असं लोक धरून चालतात, पण प्रत्यक्ष सभागृहातली मतं पाहिली तर दाढीवाल्यांत आणि बिनदाढीवाल्यांत तसा फरक सापडत नाही.

इथून पुढचा भाग माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. अर्थ समाज देतो म्हटल्यावर विचारायला हवं की कोणाच्या दाढीला कोणता अर्थ देतो. मराठवाड्यात हा प्रश्न जुना आहे. निजामाच्या बाजूने हत्यारं घेतलेल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. त्याची तुर्की टोपी आणि दाढी माझ्या आजीच्या पिढीच्या डोळ्यांपुढून मरेपर्यंत गेली नाही, आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली तरी अनोळखी दाढीवाला मुसलमान दारावरून गेला की आजी आम्हाला घरात ओढायची. पण आमच्या गल्लीत गाद्या भरून द्यायला येणारे चाचा होते, त्यांची दाढी छातीपर्यंत होती, आणि आजी त्यांना ओट्यावर बसवून चहा द्यायची, लेकीच्या लग्नाच्या गाद्या त्यांच्याकडूनच भरून घ्यायची. हे मला कितीतरी वर्षं उलगडलं नव्हतं. आता वाटतं, माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा आजीच होती. ओळखीच्या माणसाची दाढी तिला दिसतच नव्हती. दाढी दिसायची ती फक्त अनोळखी माणसाची. दाढीवरून रझाकार ओळखता येत असता तर हैदराबादेत ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहिल्याबद्दल रझाकारांच्याच हातून का मारले गेले? आणि त्या राजवटीशी लढणाऱ्यांचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे दाढी न ठेवणारे संन्यासी. १९५७ ला औरंगाबादने त्यांना लोकसभेत पाठवलं ते भगवी वस्त्रं पाहून नव्हे, तुरुंगात काढलेली वर्षं पाहून.

माझा एक जुना विद्यार्थी, मुसलमान, हुशार, रक्तदान शिबिरांपासून शाळेच्या फीपर्यंत लोकांच्या उपयोगी पडणारा. त्याने मागे एका पक्षाकडे तिकीट मागितलं. त्याला सांगितलं गेलं, "दाढी जरा कमी कर, फोटोत बरं दिसंल." त्याने ती बारीक केली. मग त्याच्या मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "तिकिटासाठी दाढी काढलीस, उद्या काय काढशील?" तिकीट मिळालं नाही ते नाहीच. त्याच पक्षाच्या त्याच फ्लेक्सवर तशीच दाढी राखलेले चार चेहरे होते, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. दोन्ही दाढ्या एकाच दुकानात, एकाच मशीनने कोरलेल्या. एकाला तीत रुबाब मिळाला, दुसऱ्याला खुलासा द्यावा लागला. महाराष्ट्राच्या राखीव पोलीस दलातल्या एका जवानाच्या दाढीचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंत्र्याच्या दाढीवर फार तर सभेत कोटी होते. 'दाढी मतं मिळवते' म्हणणाऱ्यांनी सांगावं, कोणाची दाढी?

मिशीचंही तेच. माझ्या आजोबांच्या काळात मिशीला पीळ कुणी द्यायचा हे गावात जातीने ठरलेलं होतं. पाटलाने ताव मारला तर तो दरारा. महारवाड्यातल्या माणसाने मारला तर तो माज. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत या मातीत जो संघर्ष झाला, घरं जळाली, माणसं मारली गेली, त्याच्या मुळाशी हीच ताठ मानेने जगण्याची मागणी होती. हे सगळं मागे पडलं असं समजणाऱ्यांना २०१७ आठवावं. गुजरातेत गांधीनगरजवळच्या एका गावात दलित तरुणांना मिशी राखली म्हणून मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि देशभरातल्या दलित तरुणांनी मिशीला पीळ देतानाचे आपले फोटो लावले. त्यांना निवडणूक लढवायची नव्हती. नाकाखालच्या चार केसांवर आपला हक्क आहे एवढंच सांगायचं होतं. ज्या समाजात मिशीसाठी मार खावा लागतो, तिथे 'मिशीवाला उमेदवार भारदस्त वाटतो' हे वाक्य किती निष्पाप राहतं?

आणि बायका? 'मर्द गडी, मिशीचा माणूस' हीच पुढाऱ्याची ओळख ठरवली की अर्धा गाव शर्यतीच्या आधीच बाद होतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना २०११ पासून निम्म्या जागा आहेत. तरी आमच्याकडच्या फ्लेक्सवर निवडून आलेल्या बाईच्या शेजारी नवऱ्याचा फोटो तिच्याहून मोठा असतो. तो मिशी पिळत उभा असतो आणि तिचा पदर कपाळापर्यंत ओढलेला असतो. मी वर्गात ज्या मुलींना शिकवलं त्यातल्या दोघी आज सरपंच आहेत, एकीला ग्रामसभेत अजून विचारतात, "मालक कुठायत?" ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत मराठा समाजाच्या लाखो माणसांचा मूक मोर्चा निघाला, राज्यभरातल्या मोर्च्यांची ती सुरुवात होती, तेव्हा सगळ्यात पुढे मुली चालत होत्या आणि निवेदन द्यायला मुलीच गेल्या. मागे पिळदार मिशांची कितीतरी माणसं खाली मान घालून चालत होती. कुणाच्या पुरुषार्थाला कमीपणा आला नाही.

आमच्या प्रभागाच्या निकालाचं नेमकं कारण काय, हे मला शोधायचं होतं, म्हणून मी त्या भागातल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी गेलो. सात-आठ घरं झाली. निवडून आलेल्याची दाढी एकाही घरात निघाली नाही. दोन उन्हाळे त्याने स्वतःच्या बोअरचं पाणी गल्लीला मोकळं सोडलं होतं. रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात त्याची गाडी गेली होती. "दाढी बघून कोण मत द्यायलंय सर," एक बाई म्हणाली, "पाणी बघून दिलं." पडलेल्याबद्दलही कुणी वाकडं बोललं नाही. माणूस चांगला आहे, पण या वेळी तो दारात आलाच नाही किंवा फार उशिरा आला, असं सगळ्यांनी सांगितलं.

परवा तो बाजारात भेटला. टोपी नव्हती, डोक्यावर आणि ओठावर केस नुकते उगवत होते. गावभर जे चाललं होतं ते त्याच्याही कानावर गेलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, मिशी काढली कशाला होती?

"आई गेली ना सर," तो म्हणाला. "दहाव्याला उतरवली. आमच्या गल्लीला सगळं ठाऊक आहे. तेरा दिवस मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही, तोवर समोरच्याचा सगळा प्रभाग दोनदा फिरून झाला होता."